रांडेच्या, मेल्या, च्यायला... शिवीची धार जाते कुठे?

रानजाई
गणपतीला कुडाळजवळ सासरच्या गावी गेलो होतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा, जन्मला वाढला ठाण्यात. पहिल्याच दुपारी मागच्या पडवीतून आमच्या काकीसासूबाईंनी त्याला हाक मारली, "खंय होतंस रे रांडेच्या, जेवक चल!" आणि पोरगा जागच्या जागी थिजला. रात्री झोपताना मला हळूच विचारतो, काकीआजी मला शिवी का देते? मी म्हटलं अरे ते प्रेमाने असतं, मालवणीत चालतं. तर म्हणे चालतं ते ठीक, पण म्हणजे काय? आणि मला सांगताच येईना. मेल्या असतं तर सांगितलं असतं, पण हे कसं सांगणार?

आता दुसरी बाजू. हाच मुलगा मित्रांशी फोनवर बोलताना वाक्यागणिक 'भिकारचोट' म्हणतो. अर्थ माहितीये का विचारलं तर म्हणाला, फालतू माणूस. त्यातला दुसरा अर्धा शब्द काय आहे हे त्याच्या गावीही नाही, आणि तो शब्द मी लहानपणी घरात उच्चारला असता तर तोंड फुटलं असतं माझं.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय, शब्द तोच, मग त्याची धार जाते कुठे? की जात नाहीच, आपल्याला ऐकू यायची बंद होते? तुमच्याकडचे अनुभव सांगा.

दिनू_डोंबिवली
च्यायला, मस्त धागा.
(बघा, पहिलाच शब्द.)

अनघा_व
दिनू, तुमच्या च्यायलाचीच गोष्ट घ्या. मूळ 'तुझ्या आईला', आणि पुढे एक क्रियापद होतं. ते म्हणायचं सगळ्यांनी सोडून दिलं. मग 'तुझ्या' पण घासत गेलं आणि उरलं च्यायला. आयला, मायला, च्यामायला सगळी त्याच खानदानातली. माझी आई शिक्षिका होती, आयुष्यात शिवी दिली नाही तिने, पण कुकरची शिट्टी झाली नाही की 'आयला, गॅस संपला वाटतं' म्हणायची. कोणाची आई आणि तिला काय, हे वाक्यात शिल्लकच नाही. मला वाटतं शिवीचं क्रियापद गेलं की विष जातं, मागे उरतो तो नुसता हुंकार.

कोलथरेकर
अनघाताई +१. आमच्याकडचा 'आयचा घो' पण तसाच. घो म्हणजे नवरा. आईचा नवरा म्हणजे आपला बापच की! शब्दशः बघितलं तर त्यात शिवी कुठेच नाही, सगळी शिवी म्हणायच्या सुरात. २०१० साली ते शब्द नावात घेऊन मराठी सिनेमा आला तेव्हा केवढा वाद झाला होता नावावरून, आणि आमच्या गावात आजोबा माणसं विचारत होती की यात भांडण्यासारखं काय आहे बाबा.

रानजाई, मुलाला सांगा, कोकणात ज्याला मेल्या म्हणत नाहीत तो घरचा नाही. पाहुण्याला कोणी मेल्या म्हणत नाही. काकींनी त्याला पहिल्याच दिवशी घरात घेतला.

सातारी_माती
माझ्या आजोळचा अनुभव लिहितो, जरा लांबेल. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना शिव्या देतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. हलग्या, डफडी वाजत असतात, हातवारे करकरून, पदर खोचून, घसा बसेपर्यंत. अंगावर जायचा आवेश असतो म्हणून मधे पोलीस उभे असतात. मी सात-आठ वर्षांचा असताना मावशीबरोबर गेलो होतो आणि मला रडूच फुटलं कारण माझी मावशी, जी मला भाकरी चुरून भरवायची, तिच्या तोंडून मी असले शब्द ऐकत होतो की आज पण इथे लिहिता येणार नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. थोड्या वेळाने सगळं थांबलं. घरी येताना मावशीचा चेहरा मी विसरलो नाही, इतकी हलकी झाली होती ती. चार दिवसांनी लोणंदच्या बाजारात पलीकडच्या गावची एक बाई भेटली, जिला मावशीने त्या दिवशी नको नको ते म्हटलं होतं, तर दोघी भाजीच्या पाटीवर बसून तासभर बोलत होत्या. मी मावशीला विचारलं, तुला राग नाही आला तिचा? ती म्हणाली, "ते बारात होतं रं." एवढंच.

तेव्हा मला वाटतं धार शब्दात नसतेच. त्याच बाईने तोच शब्द बाजारात उच्चारला असता तर डोकी फुटली असती.

मंजू_नाशिक
काय सुंदर लिहिलंय, सातारी_माती. शिमग्याच्या बोंबा पण याच जातीच्या ना? एक दिवस सगळं ओकून टाकायचं.

व्यवस्थापन
चर्चा चांगली चालली आहे. एकच विनंती, विषयाला गरज असेल तिथे शब्द पूर्ण लिहायला हरकत नाही, पण इतर सदस्यांना उद्देशून वापरू नयेत.

जुनी_वही
सातारी_माती, बायकांनी दिलेल्या शिव्यांची गोष्ट सांगितलीत, आता राजाने दिलेली शिवी ऐका. शिलाहार आणि यादवांच्या काळातले गधेगाळ तुम्ही गावाच्या वेशीवर पाहिले असतील. उभा दगड, वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली एक बाई आणि गाढव. गाळ म्हणजे शिवी. दिलेलं दान जो मोडेल त्याच्या आईवर गाढव, असा त्याचा अर्थ. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख आहे शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७. त्यात संस्कृत मजकूर संपल्यावर ही शिवी मराठीत कोरली आहे, क्रियापदासकट, जे क्रियापद अनघाताई म्हणतात तसं आपण आता गिळून टाकलंय. दान संस्कृतात, शिवी मराठीत! ज्याला दम द्यायचा त्याला तो समजला पाहिजे म्हणून.

म्हणजे त्या काळी ती शिवी सरकारी होती. फाजीलपणा नव्हता तो, शाप होता, आणि लोक शापाला भीत होते. भीती गेली तसा शापाचा दगड झाला. आज कितीतरी गावांत त्याच दगडाला शेंदूर लावून देव म्हणून पूजतात.

दिनू_डोंबिवली
बाप रे, हे माहितीच नव्हतं. मग आपण पोरांना 'गाढवा' म्हणतो ते यातूनच आलं का?

जुनी_वही
नाही हो, तो संबंध ओढूनताणून जोडल्यासारखा होईल. गाढव शिवीत यायला शिलालेख लागत नाही, ओझी वाहणारं जनावर दारात असलं की पुरे.

पण उलटा प्रवास केलेले शब्द सांगतो. सम्राट अशोक स्वतःला देवानांप्रिय म्हणवत असे, देवांचा लाडका. पुढे संस्कृत व्याकरणात त्याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा दिलेला सापडतो. त्याच अशोकाच्या बाराव्या शिलालेखात राजा म्हणतो की मी सगळ्या पाषंडांचा सन्मान करतो. तिथे पाषंड म्हणजे कुठलाही पंथ. आज पाखंडी कोणाला म्हणून बघा. एकाच लेखातले दोन शब्द, दोन्ही चांगले, दोन्ही पुढे शिव्या झाले. पंथापंथांची भांडणं झाली, त्यात एकमेकांचे शब्द मळवले गेले.

वृंदा_पुणे
शब्द मळवण्यावरून आठवलं, तुकोबांचा अभंग. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास'. त्यात आपण शाळेत 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' असं शिकलो. गाथेत शब्द 'गांडीची' आहे. मी बीएला असताना सरांनी वर्गात तो मूळ शब्द वाचला आणि पहिल्या बाकावरच्या मुली हसायला लागल्या, तर सर फार शांतपणे म्हणाले, की तुकारामबुवांना हे अवयवाचं नाव होतं, घाण तुमच्या कानात आहे. मला तेव्हा लाज वाटली होती आणि आज ते सर आठवले की भरून येतं. सभ्य व्हायच्या नादात आपण एका साध्या शब्दाची शिवी करून टाकली, आणि मग संतालाच दुरुस्त केलं.

पणजीकर
गोव्यातून लिहितोय. 'घाटी' या शब्दाकडे कोणी वळलं नाही अजून. माझे आजोबा साताऱ्याकडून मुंबईला गिरणीत आले, त्यांना लोक घाटी म्हणायचे, म्हणजे घाटावरून आलेला अडाणी, भांडी घासणारा, ओझी वाहणारा. आजोबा तो शब्द कधी उच्चारायचे नाहीत. वडील ऐकून घ्यायचे. आणि माझ्या भाच्याच्या क्रिकेट टीमचं नाव 'घाटी बॉइज', छातीवर छापून फिरतात. तीन पिढ्यांत एवढा फरक.

पण मी नोकरीसाठी गोव्यात आलो आणि इथे तोच शब्द परत कानावर आला, भाड्याने घर बघायला गेलो तेव्हा. मालकीण आत कोणाला तरी म्हणाली 'घाटी आयला'. चाळीस वर्षांचा माणूस मी, पण त्या क्षणी मला आजोबा दिसले. म्हणजे मुंबईत बोथट झालेला शब्द घाटाखालून सीमा ओलांडली की तसाच धारदार. का? कारण मुंबईत आमचं आता घर आहे, इथे मी भाडेकरू आहे.

अनघा_व
पणजीकर, आणि आपण मुंबईत 'भय्या' चं काय केलं तेही बघायला हवं. शब्दाचा अर्थ भाऊ. आपल्याच तोंडात त्याची शिवी झाली.

पणजीकर
खरंय. मान्य आहे.

ॲड_सदाशिव
कायद्याच्या बाजूने थोडं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात स्वर्णसिंग खटल्यात नेमका हाच प्रश्न आला होता. आरोपीचं म्हणणं, 'चमार' हे तर जातीचं नाव आहे, त्यात अपमान कसला. कोर्टाने सांगितलं की शब्दाची व्युत्पत्ती काय आहे ते बघायचं नाही, आज लोकांत तो कुठल्या अर्थाने वापरला जातो ते बघायचं, आणि अपमानाच्या हेतूने वापरला असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. मला तो निकाल भाषेच्या अभ्यासकाने लिहावा इतका अचूक वाटतो. 'मूळ अर्थ तसा नाही हो' ही पळवाट त्याने बंद केली.

ती पळवाट राजकारणात अजून चालते. २०२० मध्ये एका अभिनेत्रीला उद्देशून हरामखोर शब्द वापरला गेला आणि नंतर त्याचा अर्थ 'नॉटी' असा सांगण्यात आला, हे सगळ्यांना आठवत असेल. खोर म्हणजे खाणारा, लाचखोरातला. हक्काचं नसलेलं खातो तो हरामखोर. लाडाने नातवाला म्हणता येतो, पण जिच्याशी तुमचं भांडण आहे तिला लाडाने म्हणालो असं सांगता येत नाही.

पाणवठा
वकीलसाहेब, तुम्ही लिहिलंत म्हणून मी लिहितो, नाहीतर नुसता वाचत होतो. मी ज्या जातीत जन्मलो तिचं नाव आमच्या तालुक्याच्या गावी विशेषणासारखं वापरतात. कपडे मळले की '...सारखा काय राहतोस', मोठ्याने बोललं की '...वाडा आहे का हा'. म्हणणारे सज्जन लोक, माझे वर्गमित्र, त्यांच्या आया. त्यांना विचारलं तर खरंच सांगतील की आमच्या मनात तसं काही नाही, ती बोलायची पद्धत आहे. आणि खोटं नसतं ते. त्यांच्या बाजूने शब्दाची धार गेलेलीच असते. माझ्या बाजूने ती तशीच्या तशी आहे. सातवीत असताना मित्राच्या आईने माझ्यासमोर स्वतःच्या मुलाला ते वाक्य म्हटलं, आणि मग मी समोर आहे हे लक्षात आल्यावर मला लाडू दिला. त्या लाडवाची चव मला अजून आठवते.

म्हणून हे 'धार गेली' म्हणणं मला जरा अर्धवट वाटतं. कोणाची गेली हे विचारा.

आणि उलट बाजूने, दलित हा शब्द. अर्थ बघितला तर दळलेला, तुडवलेला. १९७२ मध्ये मुंबईत तरुण पोरांनी त्याला पँथर जोडला आणि तो ताठ उभा राहिला. दया म्हणून कोणी दिलेला नव्हता तो, आपणहून घेतला. माझे वडील तेव्हा वीस वर्षांचे, ते आजही हा शब्द कसा म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे, प्रत्येक अक्षर वेगळं.

मंजू_नाशिक
पाणवठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या घरात पण ही 'पद्धत' होती. मी लहानपणी म्हटलेलं आहे. माफ करा.

पाणवठा
मंजूताई, तुम्ही लिहिलंत ते पोचलं.

सुहास_ठाणे
वेडा. इतका मऊ शब्द झालाय की प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना म्हणतात. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं औषधांवर आहे. आमच्याकडे कोणी सहज 'वेडा आहेस का' म्हटलं की आई स्वयंपाकघरात उठून जाते. आणि ठाण्यात राहून 'ठाण्याला पाठवा याला' हा विनोद किती वेळा ऐकला असेल.

नलू_न्यूजर्सी
इथे मराठी शाळेत मुलांना शिकवते. 'लबाड', 'बदमाश', 'डँबिस' हे शब्द मुलांना फार आवडतात कारण त्यांच्या आज्या व्हिडिओ कॉलवर तेच म्हणतात. एका मुलीने निबंधात लिहिलं, 'माझी आजी खूप प्रेमळ आहे, ती मला रोज बदमाश म्हणते.' बदमाश म्हणजे खरं तर वाईट धंद्यावर पोट भरणारा. तिला मी तो अर्थ सांगितला नाही. सांगायला हवा होता का?

कोलथरेकर
नको नको, नलूताई. आजीने दिलेला अर्थच खरा तिच्यासाठी.

गोधडी
रानजाईंच्या मूळ प्रश्नावर यायचंय, कारण चर्चा सगळीकडे फिरली पण त्या शब्दापाशी कोणी थांबलं नाही.

रांड हा शब्द मूळचा रण्डा, विधवा. मोल्सवर्थच्या जुन्या कोशातही विधवा हा अर्थ आहे. रंडकी, रांडमुंड सगळे त्याच कुळातले. म्हणजे रांडेच्या म्हणजे विधवेच्या पोरा. आता विचार करा, विधवेचं पोर ही शिवी का व्हावी? एक तर बाप मेला असं चिंतणं, किंवा नवरा नसताना झालेलं पोर. आणि नवरा नसलेली बाई म्हणजे बाजारबसवी हे तर गृहीतच धरलेलं, म्हणून पुढे त्या शब्दाचा तोच अर्थ झाला. एका शब्दात आपल्या समाजाने काय काय भरून ठेवलंय.

माझी पणजी बाविसाव्या वर्षी विधवा झाली. केशवपन झालं होतं तिचं. मी तिला पाहिलेलं आहे, लाल आलवणातली, पाठ वाकलेली. आमचं घर राजापूरकडचं, आणि तिकडे हा शब्द तुम्ही म्हणता तसाच, घासागणिक. सगळे म्हणायचे, माझे काका, आत्या, गडीमाणसं. तिने कधी उच्चारला नाही. नातवंडांवर चिडली की 'अरे देवाच्या' म्हणायची. मला वाटायचं फार सोवळी म्हणून. आत्याने मला नंतर सांगितलं की नवरा गेल्यावर तेराव्याच्या दिवशी तिचा दीर तिला त्याच शब्दाने हाक मारून पाणी आण म्हणाला होता. आधी नाव होतं तिला. त्या दिवसापासून तो शब्द हेच नाव.

बोडकी हा शब्द पण शिवी होता, आज माझ्या मुलीला कळत सुद्धा नाही. कारण केशवपनच गेलं. ती धार खरोखर गेली, कारण जखम करणारी रूढीच गेली. पण विधवेचं काय? २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. २०२३ मध्ये सरकारी पातळीवर विधवाऐवजी गंगा भागीरथी म्हणावं असा प्रस्ताव निघाला आणि बायकाच चिडल्या. बरोबरच चिडल्या. गं. भा. तर आमच्या पणजीच्या नावामागे पत्रिकेत छापायचेच, मंगलकार्यात तिला पुढे येऊ देत नव्हते तरी. नाव कितीही गोड ठेवा, वागणूक तीच राहिली की चार वर्षांत ते नावही कडू होतं.

वृंदा_पुणे
गोधडी... काय लिहू. 'आधी नाव होतं तिला'.

सुहास_ठाणे
गोधडीताई, वागणुकीबद्दल तुमचं पटलं. अपंगाचं विकलांग झालं, विकलांगचं दिव्यांग झालं, स्टेशनच्या जिन्याला उतार अजून नाही.

दिनू_डोंबिवली
मी काल रात्री हे वाचलं आणि आज ऑफिसात दिवसभर तो शब्द तोंडात आला नाही. सवयीचा होता, खोटं कशाला बोलू.

कोलथरेकर
गोधडीताईंचं सगळं मान्य, तरी एक सांगतो. आमच्या आजीच्या तोंडचा तो शब्द आठवला की मला अजून गरम पेजेचा वास येतो. ते पण खरंच होतं. दोन्ही खरं कसं असतं मला माहीत नाही, पण आहे.

रानजाई
सगळ्यांचे आभार. गोधडीताईंचा प्रतिसाद वाचून मला झोप लागली नाही, कारण एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. माझ्या काकीसासूबाई स्वतः विधवा आहेत. सहा वर्षं झाली काकांना जाऊन.

काल फोन केला. विचारू की नको असं करत शेवटी विचारलंच, काकी, तुम्हाला तो शब्द म्हणताना काही वाटत नाही का? पलीकडे बराच वेळ शांत. मग म्हणाल्या, "हे गेले तेव्हा येक वरस तो शब्द माज्या तोंडाक इलो नाय. हाक मारूक जाय आनि गळ्यात अडकायचो." मग त्यांचा थोरला नातू, तेव्हा पाच-सहा वर्षांचा, एक दिवस त्यांच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, आजी, तू माका रांडेच्या म्हणनस नाय, रागावलंस काय माझ्यार? "तेचे डोळे भरलेले गो. मग म्हटलंय मी. तेका जवळ घेतलंय आनि म्हटलंय."

हे मी लेकाला जेवताना जसंच्या तसं सांगितलं, शब्दाच्या अर्थासकट, गोधडीताईंच्या पणजीच्या गोष्टीसकट. तो बराच वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, पुढच्या वेळी तिने हाक मारली तर मी काय म्हणायचं?

मी परत फोन लावून स्पीकरवर टाकला. काकी म्हणाल्या, "काय म्हणाचा? इलंय म्हणाचा, आनि हात धुवन् पानार बसाचा. जेवण थंड होता."